मूत्रवाहिनीची दुरुस्ती रोबोटच्या हातात कशी गेली

किडनीतून लघवी खाली आणणारी नळी म्हणजे युरेटर, ती अरुंद झाली की आता डॉक्टर सहज "रोबोटिक करू" म्हणतात, पण १८६९ मधे दुरुस्तीचा विषयच नव्हता. जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव सिमोन यांच्याकडे एक बाई आली होती, युरेटरला इजा होऊन लघवी सतत भलतीकडून गळायची, आणि शेवटी त्यांनी तिची त्या बाजूची किडनीच काढली! बाई वाचली, आणि माणूस एका किडनीवर जगतो हे तेव्हा कळलं.

नळी वाचवायचे प्रयत्न नंतरचे. १८८६ मधे ट्रेन्डेलेनबर्ग या जर्मन सर्जनने प्रयत्न केला पण पेशंट दगावला, १८९१ मधे क्युस्टर या दुसऱ्या जर्मन सर्जनला जमलं. १९४९ मधे अँडरसन आणि हाइन्स या सर्जननी जी पद्धत मांडली, अडलेला भाग कापून टाकायचा आणि चांगली टोकं तिरकी कापून रुंद जोडायची, तीच आजही चालते, रोबोटने केली तरी ऑपरेशन तेच. फरक फक्त आत शिरायच्या वाटेत पडला.

१९९३ पासून दुर्बिणीतून पायलोप्लास्टी, म्हणजे किडनी आणि युरेटरच्या जोडाची ही दुरुस्ती, व्हायला लागली, कुशीवरचा लांब काप गेला, पण टाके घालणं म्हणजे शिक्षाच, कारण हत्यारं सरळ आणि लांब, हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं आणि नळी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. त्यामुळे हे मोजक्याच सर्जनना जमायचं.

रोबोट खरं तर यासाठी बनलाच नव्हता. अमेरिकेत लष्कराच्या पैशातून रणांगणावर लांबून ऑपरेशन करायचं संशोधन चाललेलं, त्यातून पुढे दा विंची नावाचा रोबोट आला, आधी नजर हार्ट सर्जरीवर होती, २००० मधे अमेरिकेत परवानगी मिळाली आणि प्रोस्टेटवाल्यांनी तो उचलून धरला. २००२ पर्यंत पायलोप्लास्टीही सुरू झाली. मनगटासारखं वळणारं टोक, हाताची थरथर गाळलेली, आतलं मोठं थ्रीडी चित्र, म्हणजे टाक्यांचा प्रश्न बराचसा सुटला. (यंत्र आपलं आपण कापतं हा गैरसमज अजून आहे, ते चालवायच्या कन्सोलवर सर्जनच असतो.) स्पर्श मात्र कळत नव्हता, दोरा किती ताणला ते डोळ्यांनीच ओळखायचं, नाहीतर बारीक दोरा तटकन तुटतो.

मला तरी खरी मजा पुढची वाटते. टोकांना रक्तपुरवठा नीट नसेल तर जोड परत आवळतो, म्हणून आता शिरेतून हिरवं औषध देऊन खास कॅमेऱ्यात जिवंत भाग उजळलेला बघतात, आणि अडथळा लांब असेल तर गालाच्या आतलं अस्तर काढून नळीला ठिगळ लावतात, हेही २०१५ च्या सुमारास रोबोटने व्हायला लागलं.