मिऱ्यापासून भूत जोलोकियापर्यंत : जहाल तिखटाची पार्श्वभूमी

हिवाळ्यात नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची उतरू लागली की पथाऱ्यांवर तिचे थर पसरतात आणि नाकातोंडाला फडके बांधून देठ खुडणाऱ्या बायांनाही मधूनच ठसका लागतो. ही मिरची मुळात इथली नव्हे, हे त्या वेळी पटत नाही. अमेरिका खंडातले हे पीक सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर आले; तोवर आपले मिरे, पिंपळी आणि सुंठ यांवर भागत होते. मिऱ्याचे संस्कृत नाव ‘मरिच’. नव्या फळाने जुन्याचे कामच नव्हे, नावही घेतले.

तिखटाला माप मिळाले ते 1912 साली. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा अर्क साखरपाण्यात, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत पातळ करत नेला; जितके पट पातळ करावे लागले, तितकी त्या मिरचीची ‘स्कोव्हिल एकके’. हा जाळ मिरचीतल्या कॅप्सेसिन या रसायनाचा. दोष बियांना दिला जातो, पण ते तयार होते बिया ज्याला चिकटतात त्या पांढुरक्या गाभ्यात. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने 1997 मध्ये दाखवले की चटका ओळखणारा मज्जातंतूंवरचा ग्राहकच (रिसेप्टर) कॅप्सेसिनलाही प्रतिसाद देतो. ‘तोंडाला आग लागली’ हे आपले बोलणे शास्त्रशुद्धच म्हणायचे.

पुढे आकड्यांची चढाओढ लागली. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकिया या मिरचीने 2007 मध्ये गिनीज विक्रमात दहा लाख स्कोव्हिल एककांचा टप्पा ओलांडला. 2023 मध्ये अमेरिकेतली ‘पेपर एक्स’ सरासरी 26,93,000 वर पोहोचली. असल्या मिरच्यांचे काम स्वयंपाकघरापुरते उरत नाही. आसामात हत्तींना शेतापासून रोखण्याचे दोर भूत जोलोकियाने माखले गेले आणि संरक्षण संशोधन संस्थेने तिच्यापासून अश्रुधुरासारखा हातगोळा बनवला. त्या मुद्दाम खाणाऱ्यांची ओढ म्हणजे, मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांच्या मते, निरुपद्रवी आत्मपीडनाचे सुख. अपाय होणार नाही हे ठाऊक असले की यातनाही रुचतात.

खानदेशात मात्र तिखट पैजेसाठी खात नाहीत. भरितासाठी हिरव्या मिरच्या लसणासोबत बडगीत ठेचल्या जातात, आणि कळण्याच्या भाकरीशी ते भरीत शेवटच्या घासापर्यंत जाईल इतपतच जहाल ठेवले जाते. कॅप्सेसिन तेलात उतरते, पाण्यात नाही; त्यामुळे शेवभाजीची लाल तर्री ओठांना झोंबत राहते, पाण्याचा तांब्या निरुपयोगी ठरतो आणि जाणता माणूस आधीच दह्याची वाटी जवळ ओढून बसतो.