झीरोच्या पोटाखालची पायरी

‘पाणबुडीतून विमानं उडवणारा जपान महायुद्ध जिंकणारच होता’ अशा थाटाचे व्हिडिओ अधूनमधून फॉरवर्ड होत येतात. आय-400 जातीच्या पाणबुडीत तीन ‘सेइरान’ विमानं मावायची, एवढं त्यात खरं. तीन विमानांनी महायुद्ध फिरवायचं म्हणजे जरा अतीच! पण या गदारोळात खरी गंमत राहूनच जाते. पाण्यावर बसलेलं विमान पाण्यापासून सुटतं कसं?

पॅसिफिकमधल्या बेटाबेटांवर धावपट्ट्या बांधत बसायला जपानी नौदलाला सवड नव्हती. म्हणून नाकाजिमा कंपनीने ‘झीरो’ या प्रसिद्ध लढाऊ विमानाची चाकं काढली, पोटाखाली एक मोठा फ्लोट, म्हणजे होडीसारखा पोकळ तरंगक, लावला आणि तोल सांभाळायला पंखांखाली दोन छोटे. हे ए6एम2-एन. अशी 327 विमानं बनली.

या मोठ्या फ्लोटचा तळ बाजूने पाहा. पुढून सलग येतो आणि मध्याच्या आसपास पायरीसारखा एकदम तुटतो. सगळी करामत इथे आहे. चमच्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला टेकवा, चमचा धारेत ओढला जातो. वक्र पृष्ठभागावरून वळणारं पाणी त्याला स्वतःकडे खेचतं. फ्लोटचा तळ मागे सलग वर वळत गेला असता, तर वेगाबरोबर ही ओढही वाढली असती. पायरीच्या कडेवर प्रवाहाला वळता येत नाही. तो तुटतो आणि मागच्या पोकळीत हवा शिरते. त्याआधी एक टप्पा कठीण असतो. फ्लोट स्वतःच उठवलेली लाट रेटत, नाक वर करून चालतो, तेव्हा पाण्याचा रोध शिगेला पोचतो. पुढे तळावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, फ्लोट वर येतो, भिजलेलं क्षेत्रफळ घटतं, पंखही भार उचलू लागतात आणि उरलेली धाव पायरीपुढच्या चिंचोळ्या पट्ट्यावर होते. म्हणूनच आरशासारखं शांत पाणी वैमानिकाला नको असतं. बारीक लाटा असल्या की हवा तळाखाली लवकर शिरते.

हवेत मात्र हाच फ्लोट म्हणजे लोढणं. झीरोचा कमाल वेग ताशी सुमारे 533 किमी, या फ्लोटवाल्या विमानाचा 435. 7 ऑगस्ट 1942 रोजी सॉलोमन बेटांतल्या तुलागीजवळची ही विमानं तर अमेरिकी विमानांनी उडण्याआधीच, पाण्यावर उद्ध्वस्त केली.

कावानिशी कंपनीचं ‘क्योफू’ मुळातच फ्लोटसाठी आखलेलं लढाऊ विमान. त्याचे फ्लोट काढून चाकं लावली आणि ‘शिदेन’ झालं. पंख मात्र जुन्याच जागी, धडाच्या मध्यावर राहिले. त्यामुळे चाकांचे पाय लांबलचक करावे लागले आणि ते सारखे त्रास द्यायचे. पुढच्या ‘शिदेन-काई’त पंखच खाली आणले, तेव्हा कुठे पाय आखूड झाले.