ओल वेगळी, खार वेगळा: किनाऱ्यावरच्या लॅपटॉपचं काय बिघडतं?

कोकणात लॅपटॉप बंद पडला की कारण ठरलेलं असतं, "हवा दमट ना!" मालवणात पडला तरी तेच, आंबोलीत पडला तरी तेच. पण आंबोलीत घरात धुकं शिरतं, मीठ शिरत नाही. मालवणात किनाऱ्यालगतच्या घरात दोन्ही शिरतात. शिवाय ओलीवरचा उपाय खाऱ्या हवेत कधीकधी चक्क उलटा पडतो, त्यामुळे दोघांना एकाच पिशवीत भरून चालत नाही.

ओल म्हणजे नुसती पाण्याची वाफ. हवेत आहे तोवर लॅपटॉप ती बऱ्यापैकी सोसतो. गार वस्तूवर बसून तिचं पाणी झालं की पंचाईत. हे ज्या तापमानाला होतं त्याला दवबिंदू म्हणतात आणि भर पावसाळ्यात किनारपट्टीवर तो २४-२५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २२ अंशांवर एसी लावलेल्या खोलीतून लॅपटॉप उचलून थेट पडवीत आणला तर त्याला आतूनबाहेरून घाम फुटणारच. अशा वेळी तो बॅगेत घालून, चेन लावून तासभर बाहेर राहू द्यावा आणि मगच उघडावा.

चालू लॅपटॉप स्वतःच्या उष्णतेने आतून कोरडा राहतो. म्हणून रोज वापरातला लॅपटॉप पावसाळा सहज काढतो आणि बंद घराच्या कपाटात ठेवलेला मात्र, चाकरमानी गणपतीला येऊन उघडतात तेव्हा, कुबट वासाचा आणि बुरशीच्या ठिपक्यांचा निघतो. ठेवायचाच असेल तर बॅटरी निम्मी भरून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा. उघड्या कपाटात त्या पुड्या टाकण्यात अर्थ नाही. चार दिवसांत त्याच भिजून बसतात. एक मात्र बरं, ओल वाळते. वेळेवर वाळवली तर बहुतेक वेळा मागे काही राहत नाही.

खार वाळून जात नाही. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात. त्यांचा मोठा भाग किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांतच खाली बसतो. कुडाळ-सावंतवाडीपर्यंत फारच थोडा पोचतो. पाणी उडून जातं, मीठ राहतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच मग सर्किटवर होतं. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाझरू लागतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे अंगणात वाळवणं घालायच्या दिवसांतही हा थर ओलसर राहू शकतो. त्यातून वीज वाहते आणि धातू खाल्ला जातो.

अशा लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं की ओळख पटते. पंख्यासमोरच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर पांढरी भुकटी, तांब्यावर हिरवट पापुद्रा, पिना काळवंडलेल्या. खिडकीच्या गजांवरचं मीठ निदान पाऊस धुऊन नेतो. इथे धुणारं कोणी नाही.

आता उलटा पडणारा उपाय. ओलीसाठी लॅपटॉप रोज चालवा हे खरं, पण समुद्राकडे तोंड केलेल्या पडवीत चालवला तर पंखा तासन्‌तास खारी हवाच आत ओढत बसतो. उघडिपीच्या दिवसांत दुपारी खारे वारे सुटले की आतल्या खोलीत बसावं आणि खिडकी लावून घ्यावी. पहाटे मतलई वारं जमिनीकडून वाहतं, तेव्हा खिडकी उघडायला हरकत नाही. पावसाळ्यात हा हिशेब संपतो, वारा दिवसरात्र समुद्राकडूनच असतो.

साफसफाईतही हाच घोटाळा. दुरुस्तीच्या दुकानात बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारतात. त्याने तेलकटपणा जातो, मीठ मात्र त्यात जवळजवळ विरघळतच नाही. खार चढलेला बोर्ड बॅटरी काढून आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवावा लागतो आणि मग ते पाणी हाकलायला अल्कोहोल. घरी करायचं हे काम नव्हे, पण लॅपटॉप देताना "समुद्राकाठचा आहे" एवढं जरूर सांगावं. घरी बाहेरून पुसायचं तर लॅपटॉप बंद करून, जेमतेम ओलसर फडक्याने आणि लगेच कोरड्याने.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात: आयपी ६८ म्हणजे फोन धूळ-पाणी किती रोखतो त्याचा दर्जा, आणि त्याची चाचणी गोड्या पाण्यात होते. तारकर्लीला फोनवर लाट आली तर, कंपनीची तशी सूचना असेल तर, तो गोड्या पाण्याने हलकेच धुवावा. तांदळात पुरल्याने मीठ निघत नाही, उलट चार्जिंगच्या भोकात पीठ जातं. आणि ते भोक पुरतं सुकेपर्यंत चार्जर लावू नये. खाऱ्या ओलीत वीज सोडली की पिना झपाट्याने झिजतात.