‘पट्टी सेव्ह होत नाही’ : फोन करण्याआधी हे वाचा

(नागपुरातल्या कळमना आणि इतवारी बाजारांतल्या, आमचा अडतीच्या हिशोबाचा प्रोग्राम वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागली की सकाळी सकाळी आमचा फोन वाजतो: “भाऊ, पट्टी सेव्ह होऊनच नाही राहिली.” पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशोब. बहुतेक वेळा इलाज तुमच्याच हातात असतो.

तुमचा हिशोब इंटरनेटवर कुठे नसतो. तो तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीत असतो आणि ती फाइल एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस, म्हणजे नोंदी ठेवणारी प्रणाली, सांभाळतो. २००० सालापासून चालत आलेली ही प्रणाली तुमच्या मोबाइलमध्येही आहे, तेव्हा शंका तिच्यावर घेऊ नका. अडचण पट्टीच्या घडणीत आहे. एक शेतकरी, त्याचे तीन-चार लॉट, प्रत्येक लॉटचे कॅरेट, वजन, भाव, खाली हमाली, तोलाई, अडत. हे सगळं आम्ही एकाच गाठोड्यात बांधून ठेवतो. तुम्ही फक्त हमाली २४० ची २६० केली, तरी अख्खं गाठोडं नव्याने बांधलं जातं.

आता बघा. मुनीमजींनी काउंटरवर पट्टी उघडली, आतल्या खोलीत तुम्हीही तीच उघडली. त्यांनी वजन दुरुस्त करून सेव्ह केलं. तुमच्या स्क्रीनवर अजून जुनंच वजन. तुम्ही हमाली बदलून सेव्ह दाबलं आणि त्यांची दुरुस्ती पुसली गेली. एररसुद्धा नाही! आमच्या जुन्या आवृत्तीत हे व्हायचं, चूक आमचीच. आता प्रत्येक पट्टीला फेरक्रमांक आहे, म्हणजे ती कितव्यांदा बदलली त्याचा आकडा. तो जुळला नाही तर ‘ही पट्टी दुसरीकडे बदलली आहे’ असं येतं. घाईत राग येतो, मान्य. पट्टी बंद करा, पुन्हा उघडा, बदल परत टाका. सेव्ह दहादा दाबून काही होत नाही.

दुसरी तक्रार ‘डेटाबेस लॉक आहे’, म्हणजे एरर ५. एका वेळी लिहिणारा एकच, बाकीच्यांनी थांबायचं. दोन-चार सेकंदांत सुटतं. सुटत नसेल तर कुणीतरी डेटाची फाइल शेअर्ड फोल्डरमधून थेट उघडलेली असते. तसं करू नका. नेटवर्कवर लॉक भरवशाचा राहत नाही, फाइल बिघडू शकते. दुसऱ्या काउंटरने मुख्य कॉम्प्युटरवरच्या आमच्या प्रोग्राममधूनच काम करावं.

एरर ८ म्हणजे फाइलीत लिहायची परवानगी नाही, १३ म्हणजे डिस्क भरली. लग्नाचे व्हिडिओ हलवा.

मराठी कीबोर्डवरून टाकलेले आकडे डेटाबेसला अक्षरं वाटतात, बेरजेत ते शून्य धरले जातात. नव्या आवृत्तीत असा आकडा आला की सेव्ह अडतं. रकाना लाल दिसला तर इंग्रजी कीबोर्ड लावून तोच आकडा पुन्हा टाका.

डेटाच्या फाइलीशेजारी, नावाच्या शेवटी ‘वॅल’ (-wal) असलेली फाइल दिसते. फालतू समजून ती उडवू नका. नुकत्याच केलेल्या नोंदी तिच्यात असू शकतात. म्हणूनच प्रोग्राम चालू असताना नुसती मुख्य फाइल पेनड्राइव्हवर ओढली, तर त्या नोंदी मागे राहतात. बॅकअप आमच्या बटणानेच घ्या, तेही रोज, दुकान वाढवताना.

एरर ११ आली तर मात्र कशालाही हात लावू नका. फाइल बिघडली आहे. रीस्टार्ट नको, सेव्ह नको. स्क्रीनचा फोटो काढा आणि आम्हाला बोलवा. येईपर्यंत पट्ट्या कागदावर लिहा.