विद्यार्थ्यांची पदरमोड आणि जिन्यातले दिवे

हॉस्टेलच्या जिन्यात जळणारी एक साधी ट्यूब घ्या. जुनी फ्लुरोसंट ३२ वॅटची, तिच्या जागी एलईडी बसवली १५ वॅटची. फरक अवघा १७ वॅटचा. पण जिन्यातला दिवा दिवसरात्र चालू असतो, म्हणजे वर्षाचे ८,७६० तास. गुणाकार केला की एका ट्यूबमागे सुमारे १४९ युनिट निघतात. अशा दहा ट्यूब बदलल्या तर वर्षाला जवळजवळ दीड हजार युनिट वाचतात. चांगलं ऊन असलेल्या जागी गच्चीवरचं एक किलोवॅटचं सोलर पॅनल वर्षभरात साधारण एवढीच वीज देतं.

आता तीच ट्यूब दिवसाला तीन तास वापरात असलेल्या खोलीत बदला. वाचलेली युनिटं १९ सुद्धा भरत नाहीत. ट्यूब तीच, खर्च तोच, फायदा मात्र आठवा हिस्सा.

पैसा थोडा असला की हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, आणि वीज वाचवण्यासारख्या कामांसाठी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या निधीत पैसा थोडाच असतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसवर २००० साली विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःच्याच फीत सत्रामागे एक डॉलर वाढवून घेतला आणि त्यातून पवनऊर्जा विकत घेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर २००७ मध्ये सत्राला पाच डॉलरची अशीच पदरमोड मंजूर झाली, पण ती कॅम्पसवरच्या प्रकल्पांसाठी. दोन्हींत मोठा फरक आहे. विकत घेतलेली वीज वापरली की संपते, पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मोजावे लागतात. बदललेला दिवा किंवा पंखा एकदाच्या खर्चात कितीतरी वर्षं वाचवत राहतो.

अडचण अशी की मतं मिळतात ती दिसणाऱ्या गोष्टींना. दारातलं सोलर झाड फोटोत छान येतं. छताच्या आत दडलेल्या सेन्सरचा फोटो कोण काढणार? माझ्या हाती निधी असता तर तो मी छतातच घातला असता. नाहीतर प्रयोगशाळेत.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विषारी वाफा ओढून घेणारी काचेची कपाटं असतात, त्यांना फ्यूम हूड म्हणतात. असा एक हूड दिवसरात्र चालू ठेवला तर वर्षभरात अमेरिकेतल्या सुमारे साडेतीन घरांइतकी ऊर्जा खातो, असा अंदाज बर्कलीच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी मांडला होता. पंख्याची वीज हा यातला एक भाग झाला. खरी उधळपट्टी हवेची असते. हूड जी हवा बाहेर फेकतो ती आधी एसीने थंड किंवा हीटरने गरम केलेली असते. ती गेली की तेवढीच नवी हवा बाहेरून आत घ्यायची आणि पुन्हा थंड किंवा गरम करायची. हे चोवीस तास, हूडसमोर कोणी नसतानाही.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: काम संपलं की पुढची सरकती काच खाली ओढा. हार्वर्डसह अनेक विद्यापीठांनी त्यासाठी प्रयोगशाळांच्या स्पर्धा लावल्या. मात्र यात एक मेख आहे. काच किती उघडी आहे हे ओळखून हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारा हूड असेल तरच वीज वाचते. जुन्या धाटणीचा हूड काच बंद असली तरी वरच्या फटीतून तेवढीच हवा ओढत राहतो. तिथे ‘काच बंद करा’ची स्टिकरं चिकटवणं म्हणजे निव्वळ कागद वाया घालवणं (सुरक्षिततेसाठी काच खाली हवीच, तो मुद्दा वेगळा).

पंख्यांचं गणित आणखी गमतीचं आहे. इमारतीत हवा खेळवणाऱ्या मोठ्या पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर ०.८ चा घन होतो ०.५१, म्हणजे वीज जवळजवळ निम्म्यावर येते. वेग अर्धा केला तर एक अष्टमांश. वर्गात ऐंशीऐवजी पंधराच मुलं असतील तर पूर्ण वेगाने ताजी हवा कशाला हवी? खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा सेन्सर हे ओळखतो आणि पंख्याचा वेग उतरवतो. छतात दडलेला सेन्सर म्हटलं तो हाच. प्रयोगशाळांत उणे ८० अंशांवर चालणारे नमुन्यांचे फ्रीझर उणे ७० वर आणले तरी सुमारे ३० टक्के वीज वाचते. त्याला खर्च शून्य, फक्त प्राध्यापकांची समजूत काढावी लागते.

माणसांच्या सवयीही बदलतात, पण त्यांच्यावर किती विसंबावं? अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजात २००५ मध्ये वसतिगृहांची वीज आणि पाणी वाचवण्याची दोन आठवड्यांची स्पर्धा झाली आणि विजेचा वापर ३२ टक्क्यांनी घटला. ज्या वसतिगृहांत वापराचे आकडे जवळजवळ क्षणोक्षणी पडद्यावर दिसत होते, तिथे घट ५५ टक्के होती. पाण्याची बचत मात्र जेमतेम ३ टक्के. आकडा डोळ्यांसमोर असला की हात बटणाकडे जातो, एवढं यातून नक्की कळतं. पण दोन आठवडे अंधारात काढणं आणि चार वर्षं काढणं यात फरक आहे, आणि दर वर्षी नवी मुलं येतात.

पैशांची गोष्ट इथेच अवघड होते. चार वर्षांत खर्च वसूल होणारा प्रकल्प उत्तम मानला जातो. तो वसूल होतो तेव्हा पैसे भरणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघालेला असतो. शिवाय वाचलेली रक्कम जाते विद्यापीठाच्या वीजबिलात, म्हणजे प्रशासनाच्या तिजोरीत. यावर तोड म्हणजे फिरता निधी: बचत झालेली रक्कम आधी निधीत परत, मग पुढच्या प्रकल्पाला. मग तेच पैसे बारा वर्षांत तीनदा वापरता येतात. हार्वर्डने असा १.२ कोटी डॉलरचा निधी चालवला, पण तो विद्यापीठाचा होता. विद्यार्थ्यांच्या निधीला ही अट सुरुवातीलाच लिहून घ्यावी लागते, नंतर कोणी देत नाही.

आणि परत करायचं म्हणजे किती वाचलं ते कळायला हवं. पुष्कळ कॅम्पसवर वीज एकाच मोठ्या मीटरमधून आत येते आणि पुढे सगळ्या इमारतींत वाटली जाते. त्यातून ग्रंथालयाने किती वाचवलं हे शोधायचं कसं? त्यात उन्हाळा कडक गेला तर बचत होऊनही बिल वाढतं. म्हणून वापराची तुलना त्या-त्या काळातल्या तापमानाशी करावी लागते. प्रत्येक इमारतीला वेगळा मीटर बसवला तर तो स्वतः एकही युनिट वाचवत नाही, म्हणून निधी वाटणाऱ्या समितीत त्याचा अर्ज हमखास मागे पडतो. मी तो पहिला मंजूर केला असता. जिन्यातल्या त्या दहा ट्यूबना मात्र मीटरची वाट पाहायला लावू नये. त्यांचा हिशेब वॅट आणि घड्याळावरच होतो.