चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंद

पुढे प्रशिक्षक म्हणून गाजलेला युर्गन क्लॉप १९९० साली जर्मनीतल्या माइन्झ फुटबॉल क्लबात आला तो आघाडीच्या फळीतला खेळाडू म्हणून. पुढच्याच वर्षी एअरफुर्टविरुद्धच्या एका सामन्यात त्याने चार गोल केले. पण चेंडूवरची सफाई त्याच्या पायांत कधी पुरती आली नाही, हे तो स्वतःच मोकळेपणाने सांगतो. १९९५ च्या सुमारास त्याला मागे, उजव्या बगलेच्या बचावात खेळवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी त्याने फ्रँकफुर्टच्या गोएथे विद्यापीठातून क्रीडाशास्त्राची पदविका घेतली. आघाडीवरून मागे येणं वरवर पाहता उतरती पायरी वाटते. मला मात्र वाटतं, जर्मनीतल्या डॉर्टमुंड आणि इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या क्लबांनी पुढे त्याच्या हाताखाली जो खेळ केला, त्याचं बीज इथेच पडलं.

मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या खेळाडूवर चहूबाजूंनी, म्हणजे ३६० अंशांतून कोणीही येऊ शकतं. बगलेच्या बचावपटूला एका बाजूने टचलाइनची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेची, पाठराखण असते. त्याचं जग १८० अंशांचं, आणि त्या अर्धवर्तुळात जवळजवळ सगळा सामना त्याच्यासमोर मांडलेला असतो. चेंडू नव्वद मिनिटांतला फारच थोडा वेळ पायाशी येतो. उरलेला वेळ बघण्यात जातो: कोण कुठे धावतोय, कुठे जागा उघडतेय, पुढचा पास कुठे जाणार.

हे बघणंही शिकावं लागतं. इंग्लंडमधले क्रीडाशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नवख्या आणि मुरलेल्या फुटबॉलपटूंना सामन्यांची चित्रफीत दाखवून त्यांच्या नजरेचा माग घेतला. नवखे चेंडूकडे आणि तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे खिळून राहिले. मुरलेले इतर खेळाडूंच्या जागा आणि हालचाली टिपत होते, आणि पास कुठे जाईल हे त्यांना आधी उमगत होतं.

अशा नजरेला शिस्त लावणारा माणूस क्लॉपला माइन्झमध्येच भेटला. १९९५ च्या शरदात वोल्फगांग फ्रँक प्रशिक्षक झाले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी घुटमळत होता. जर्मनीत त्या काळी प्रत्येक बचावपटूने एकेक प्रतिस्पर्धी धरायचा आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा ‘लिबेरो’ ठेवायचा, ही रूढ पद्धत होती. १९९६ ची युरो स्पर्धाही जर्मनीने माथियास झामर या लिबेरोला घेऊनच जिंकली. फ्रँक यांनी लिबेरो काढून टाकला आणि इटलीचे प्रशिक्षक आरिगो साकी यांच्या मिलान संघासारखा चौघांचा सरळ बचाव उभा केला. माणूस धरायचा नाही, जागा धरायची. चेंडू सरकला की अख्खा संघ सरकला पाहिजे, यासाठी ते खेळाडूंकडून चेंडूशिवाय तासन्‌तास सराव करून घेत. माइन्झ त्या मोसमात तगला. पायांनी आपल्याहून सरस असलेल्या संघांना नुसत्या रचनेने रोखता येतं, हे क्लॉपने मैदानात उभं राहून अनुभवलं.

यातूनच पुढे त्याचं ‘गेगेनप्रेसिंग’ आलं: चेंडू गमावला की मागे पळायचं नाही, तिथल्या तिथे तो परत हिसकावायचा. हे का जमतं, ते एकाच क्षणाकडे बारकाईने पाहिलं की कळतं. प्रतिस्पर्ध्याने नुकताच चेंडू कापला आहे. त्यासाठी त्याने झेप घेतली, तोल थोडा गेला, नजर पायाशी आहे. त्याला चेंडू आवरायचा आहे, मान वर करायची आहे, साथीदार शोधायचा आहे. हे साथीदारही क्षणापूर्वी बचाव करत होते, त्यामुळे ते दाटीवाटीने उभे आहेत आणि पासला मोकळी वाट नाही. तुमचा खेळाडू सहा मीटरवर असेल आणि सेकंदाला सहा मीटर या वेगाने धावत असेल, तर एका सेकंदात तो अंगावर येतो. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायलाच माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. म्हणजे विचार करायला प्रतिस्पर्ध्याकडे उरतो जेमतेम पाऊण सेकंद.

मात्र एकट्याने धावून काही साधत नाही. कबड्डीत कोपरारक्षक एकटाच झेपावला आणि साखळी मागे राहिली तर चढाईपटू निसटतो, तसंच इथेही होतं. पहिला चेंडूवर जातो, तेव्हा दुसरा आणि तिसरा पासच्या रेषेत उभे राहून वाटा बुजवतात. आणि हे सगळं पाचसहा सेकंदांत उरकायचं असतं, कारण शरीर त्याहून फार जास्त देत नाही. पूर्ण ताकदीच्या धावेला तत्काळ ऊर्जा पुरवणारं स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन काही सेकंदांतच झपाट्याने खर्च होतं, आणि ते पुन्हा भरून यायला अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात चेंडू मिळाला नाही, तर मुकाट्याने मागे येऊन रचना सावरायची.

फेब्रुवारी २००१ च्या अखेरीस माइन्झने क्लॉपला खेळाडूंच्या खोलीतून थेट प्रशिक्षकपदावर बसवलं. २००४ मध्ये त्याने क्लबला इतिहासात प्रथमच जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, बुंडेसलिगात नेलं. डॉर्टमुंडबरोबर २०११ आणि २०१२ ची विजेतेपदं आली, २०१३ मध्ये युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी. मग २०१४-१५ चा मोसम घसरला आणि संघ सातवा आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलने त्याला घेतलं. तिथले तेव्हाचे संशोधनप्रमुख इयन ग्रॅहम हे भौतिकशास्त्रज्ञ. संधी किती आणि किती चांगल्या निर्माण झाल्या हे मोजलं, तर डॉर्टमुंडचा खेळ गुणतक्त्याने दाखवला तितका वाईट नव्हता, बराचसा दोष नशिबाचा होता, असा त्यांच्या गणिताचा कौल होता. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणभौतिकीवर काम केलेले विल स्पिअरमनही लिव्हरपूलला आले. त्यांचं प्रतिमान मैदानाच्या प्रत्येक बिंदूसाठी एक प्रश्न विचारतं: खेळाडूंचा आत्ताचा वेग आणि दिशा पाहता तिथे आधी कोण पोचेल? चांगला बचावपटू हेच गणित मनात करतो, फक्त त्याला आकडे लागत नाहीत.

लिव्हरपूलने २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि मग ९९ गुणांनिशी २०१९-२० ची इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, देशातलं विजेतेपद तीस वर्षांनी. पण या खेळाला किंमत आहे. पुढे जाऊन चेंडू हिसकावायचा तर बचावाची रेषा मध्यरेषेजवळ आणावी लागते, आणि तिच्यामागे गोलरक्षकापर्यंत मोठं मोकळं मैदान राहतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ही रेषा सांभाळणारा व्हर्जिल व्हॅन डाइक गुडघ्याच्या दुखापतीने मोसमभर बाहेर गेला. नंतर जो गोमेझ आणि जोएल माटिपही गेले. क्लॉपने फाबिन्यो आणि हेंडरसन या मधल्या फळीच्या खेळाडूंना मागे ओढलं. भोक बुजलं खरं, पण चेंडूवाल्याला घेरणारेच मधून निघून गेले. आता प्रतिस्पर्ध्याला मान वर करायला तो जास्तीचा सेकंद मिळू लागला आणि लांब पास थेट पुढे आणलेल्या बचावरेषेच्या मागे पडू लागले. घरच्या मैदानावर संघ सलग सहा लीग सामने हरला. शेवटी फाबिन्यो पुन्हा मध्यात गेला, मागे नॅट फिलिप्स आणि रीस विल्यम्स हे कमी अनुभवाचे खेळाडू उभे राहिले, आणि संघ तिसरा आला.