अमूर्त आकृतिबंध : छापील कापडावरील

ओळखू येणारी वस्तू न दाखवता केवळ रेषा, आकार, पोत व रंग यांच्या मांडणीतून छापील कापडासाठी तयार केलेली नक्षी. पेहराव व गृहसजावट अशा दोन्ही प्रकारच्या कापडांवर ती येते.

भौमितिक नक्षी फार जुनी आहे. ईजिप्तमधील फुस्तात (जुने कैरो) येथे मिळालेल्या भारतीय ठसेछपाईच्या सुती तुकड्यांवर वर्तुळे, चौकटी व ठिपके दिसतात. या तुकड्यांपैकी पुष्कळसे मध्ययुगाच्या उत्तरार्धातील मानले जात. कार्बन-14 पद्धतीने तपासल्यावर काही त्याहून बरेच जुने ठरले. तथापि अशा नक्षीतील घटकांना त्या त्या परंपरेत ठरलेली नावे व स्थाने असतात. म्हणून येथे ‘अमूर्त’ ही संज्ञा विसाव्या शतकातील, एका कलावंताने जाणीवपूर्वक केलेल्या रचनेपुरती मर्यादित अर्थाने घेतली आहे.

या नक्षीचा उगम कोठे मानावा, याबद्दल मतभेद आहेत. आधी चित्रकला अमूर्त झाली आणि मग ती कापडावर उतरली, हे मत सर्वाधिक रूढ आहे. त्यासाठी रशियन चित्रकार कँडिन्स्की यांच्या 1910 साल घातलेल्या जलरंगचित्राचा दाखला देतात. परंतु ते चित्र 1913 च्या सुमाराचे असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. ही शंका ग्राह्य धरली, तर चित्र आणि कापड यांच्यातील काळाचे अंतर जवळजवळ उरत नाही. पॅरिसमधील चित्रकर्त्री सोन्या दलोने यांनी 1911 मध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी तुकडे जोडून गोधडी शिवली. ती छापील नव्हे. पण त्यांच्या पुढील रंगरचनांचे बीज तीत आहे. इंग्रज चित्रकार व कलासमीक्षक रॉजर फ्राय यांनी 1913 मध्ये लंडनला ओमेगा वर्कशॉप्स ही कार्यशाळा काढली आणि तिथली छापील लिनन कापडे त्याच वर्षी निघाली. त्यांतील ‘अमेनोफिस’ हे कापड फ्राय यांच्याच एका स्थिरवस्तुचित्रावरून, म्हणजे सुरई आणि अंडी यांच्या आकारांवरून, निघाले असे मानतात. मालावर कलावंताचे नाव न घालता फक्त ‘Ω’ ही खूण छापायची, असा तेथील दंडक होता. त्यामुळे इतर काही कापडांचे कर्तृत्व आजही वादात आहे. हे सर्व पाहता, कापडाला चित्रकलेचे केवळ अनुयायी समजण्यापेक्षा दोन्हींकडचे प्रयोग एकाच वेळी चालू होते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मॉस्कोच्या पहिल्या सरकारी छापील कापड कारखान्यात 1923 पासून ल्युबोव पोपोवा व वार्वारा स्तेपानोवा या रशियन चित्रकर्त्रींनी केलेले काम या दृष्टीने निर्णायक ठरले. कंपास आणि पट्टी ही त्यांची मुख्य साधने होती. स्तेपानोवा यांच्या दीडशेच्या आसपास नक्षींपैकी सुमारे दोन डझनच प्रत्यक्ष छापल्या गेल्या, असे सांगितले जाते. पोपोवा 1924 मध्ये लोहितांग ज्वराने वारल्या.

चित्राचे कापड होते ते आवर्तनामुळे. धंद्यात यालाच ‘रिपीट’ म्हणतात. ते बसवण्याची जुनी रीत अशी : रंगवलेला कागद मधोमध उभा कापून डावा भाग उजवीकडे व उजवा डावीकडे ठेवतात, मग तसाच आडवा कापून वरचा भाग खाली नेतात. बाहेरच्या कडा आता मध्यभागी एकमेकींना भिडतात आणि तिथली फट डोळ्यांसमोर भरता येते. संगणकावरही हेच करतात. फुलांच्या नक्षीत सांधा झाकायला एखादे पान पुरते. अमूर्त नक्षीत नजरेला धरायला वस्तू नसते, म्हणून ती रिकाम्या जागाच शोधते. या जागा एका ओळीत आल्या की टेबलावर निर्दोष दिसलेली नक्षी लांबवर पसरलेल्या कापडावर पट्ट्यापट्ट्यांची दिसू लागते. हे टाळण्यासाठी प्रत्येक शेजारचा उभा पट्टा अर्ध्या आवर्तनाने खाली सरकवतात. हा ‘हाफ ड्रॉप’. प्रतलावर दोन दिशांनी आवर्तित होणाऱ्या नक्षीच्या सममितीचे 17 च प्रकार संभवतात, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव यांनी 1891 मध्ये सिद्ध केले.

आवर्तनाचे माप यंत्र ठरवते. गोल जाळीच्या (रोटरी स्क्रीन), म्हणजे फिरत्या नळकांड्यासारख्या जाळीतून रंग कापडावर उतरवण्याच्या, छपाईत जाळीचा प्रचलित परीघ 64 सेंमी. असतो. त्यामुळे आवर्तनाची उंची 64, 32, 21.33 किंवा 16 सेंमी. अशी, म्हणजे त्या परिघाला पूर्ण भाग जाणारीच, ठेवावी लागते. 25 सेंमी. उंचीचे चित्र 21.33 वर आणले की ते सुमारे 15 टक्क्यांनी आक्रसते. बारीक रेषा आणखी बारीक होऊन छपाईत भरून जाण्याची भीती असते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. शेजारच्या दोन रंगांत केसभर फट राहिली तरी खालची जमीन (कापडाचा मूळ रंग) डोकावते, म्हणून गडद रंग फिक्यावर किंचित चढवतात. दोन पारदर्शक रंग मुद्दाम एकमेकांवर छापून तिसरा मिळवणे ही कसबी आखणी. तीत एक जाळी वाचते आणि नक्षीला खोलीही येते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कामात ब्रिटिश कापड-आकृतिकार ल्युसीएन डे यांची ‘कॅलिक्स’ (1951) ही नक्षी अग्रभागी आहे. फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय महोत्सवासाठी केलेल्या या लिननवर बारीक देठासारख्या रेषांनी जोडलेले पेल्यांचे आकार तरंगतात. काही सपाट रंगाचे, काही खरबरीत पोताचे. नावाचा अर्थ निदलपुंज (फुलाखालचे हिरवे वेष्टन) असला, तरी फूल असे एकही नाही. त्याच महोत्सवासाठी स्फटिकशास्त्रज्ञ हेलन मेगॉ यांच्या सूचनेवरून स्फटिकांच्या अणुरचनांवर आधारलेल्या नक्षीही निघाल्या. स्फटिक स्वतःच आवर्तनाने बनलेला असल्याने हा संबंध वरवरचा नव्हता.

शाईफवारा (इंकजेट) पद्धतीच्या डिजिटल छपाईत जाळी नसते. त्यामुळे रंगसंख्येची व 64 सेंमी.ची मर्यादा उरत नाही आणि आवर्तनाविना सलग नक्षीही छापता येते.